बिनजाळाचं आधण

गाडीनं दौंड सोडलं आणि बजरंगनं माझ्या समोरच्या बाकावर बसून स्वतःचं फडकं सोडलं. दोन ज्वारीच्या भाकरी, ठेचा, एक कांदा. माझ्या मांडीवर माझा डबा उघडा होता. त्यात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, भरली वांगी होती. वांग्यांचा वास अख्ख्या गाडीभर फिरत होता, वरच्या बाकावरचा सरदारजीसुद्धा मान खाली काढून बघत होता. आणि माझ्या पाठचा सख्खा भाऊ खिडकीबाहेर बघत कोरडी भाकरी चावत होता.

मी वांगी सरदारजीला दिली. त्यानं बोटं चाटली. बजरंगनं बघितलं नाही, पण त्याचा गळा दोनदा वरखाली झालेला मी बघितला.

आता मला सांगा, ही काय माणसाची रीत झाली? बोलणं सोडलं असतं, येणं तोडलं असतं, तर मी चार दिवस रडले असते आणि कामाला लागले असते. पण हा तसला नव्हता. भाऊबीजेला न चुकता यायचा. साडी आणायचा, ती पण चांगली निवडून. मी ओवाळायची, तो ताटात ओवाळणी टाकायचा आणि मग आमच्या सोप्यात, माझ्या दिरा-जावांच्या देखत, पिशवीतनं फडकं काढून स्वतःची भाकरी खायचा. पाणी माझ्या हातचं चालायचं. पाण्याला चूल लागत नाही म्हणे. चहा मात्र चालत नव्हता.

हे सगळं कशावरून, तर पाच वर्षांमागच्या बासुंदीवरून. उत्तमच्या, म्हणजे माझ्या थोरल्या लेकाच्या लग्नाची पूजा होती. भरल्या पंगतीत बजरंग म्हणाला, "आक्का, बासुंदी करपली गं." माझ्या चुलीवरचं काही करपलं असं म्हणणारा माणूस तोवर जन्मलेला नव्हता. मी वाढता वाढता म्हटलं, "तुझ्या नाकात भट्टीचा धूर बसलाय, त्येचा वास येतोय तुला." पंगत हसली. तो ताटावरून उठला. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, आमच्या मेलेल्या आईचं नाव घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या चुलीवर शिजलेलं हेच्यापुढं ह्या तोंडात घालणार न्हाई."

मी म्हटलं, "नको घालू."

झालं. एकाच आईच्या पोटची आम्ही दोघं. वाकायचं कुणी? आणि बासुंदी करपली नव्हती, हे मी आजही सांगते.

भट्टी म्हटलं ते उगाच नव्हे. आमच्या खानापूर भागातली माणसं गलाईवाली. सोनं-चांदी वितळवायची, त्यातलं हीण काढायचं आणि चोख करून सराफाला द्यायची. शेतात पिकत नव्हतं म्हणून आमची पोरं हिंदुस्थानभर पांगली. तुम्ही कुठल्याही सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात आमच्याकडचा एक माणूस भट्टीपुढं घाम गाळत बसलेला असणारच. बजरंगनं लुधियान्याला उभा जन्म त्या जाळापुढं काढला. उत्तमला त्यानंच हाताखाली घेऊन शिकवलं, आणि उत्तमनं पुढं वर डोंगरात, मंडी गावाला स्वतःचं दुकान टाकलं. ते बघायला त्यानं आईला आणि मामाला बोलावलं होतं. पौषातली थंडी होती.

पण मी दुकान बघायला निघाले नव्हते. माझी धाकटी लेक शालन हिचं जमत आलं होतं. स्थळ पलूसचं, माणसं भली, पोरगा शिकलेला. सुपारी फुटायच्या आधी तिचा होणारा सासरा माझ्या सोप्यात बसून गोड आवाजात म्हणाला, "मामा तुमच्याकडं जेवत न्हाईत म्हणं?"

आमच्यात मामाला मान मोठा. बहिणीच्या मांडवात सगळ्यांदेखत तो पोटभर जेवतो आणि मग भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर नेतो. उपाशी मामानं नेलेली पोरगी आमच्याकडं कुणी स्वीकारत नाही. व्याही म्हणाले, "सख्खा मामा जिथलं अन्न शिवत न्हाई, त्या घरात कायतरी असंल, असं लोक बोलत्यात. मामा पंगतीला बसणार असले तर माघाचा मुहूर्त धरू. न्हाईतर आमचा आग्रह न्हाई."

शालन दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. रडली नाही, माझीच लेक. पण त्या रात्री तिनं दळणाचा डबा उगाचच दोनदा घासला.

हे मी बजरंगला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे मागायचं, आणि मागायची मला सवय नाही.

मंडीला पोचलो. मला वाटलं होतं, लेकाच्या घरी तरी हा जेवेल. सून गावीच होती, उत्तमकडं गॅस होता. मी सकाळी उठून त्याच्यावर पिठलं-भात केला. बजरंग पायात बूट घालून बाहेर निघाला.

"मामा, गॅस माझा हाय की," उत्तम म्हणाला.

"लेकाची चूल म्हंजी आईचीच चूल," असं म्हणून हा ढाब्यावर गेला.

तिसऱ्या दिवशी उत्तमनं जीप ठरवली. "आई, मणिकर्णाला जाऊ. तिथं जमिनीतनं उकळतं पाणी येतंय. सगळी जात्यात."

मी म्हटलं, "उकळतं पाणी बघायला जीप कशाला? घरात पातेलं हाय."

तरी गेलो. अंधारातच निघालो. माझ्या नऊवारीवर उत्तमचा कोट, डोक्याला मफलर, पायात त्याचेच कापडी बूट. आरशात बघितलं असतं तर मी मलाच ओळखलं नसतं. रस्त्याच्या कडेला पाणी गोठून काचेसारखं झालं होतं. डोंगर इतके उंच की मान मागं टाकली तरी माथा दिसेना, आणि दिसला तेव्हा पांढराशुभ्र. खाली नदी. तिचं नाव पार्वती म्हणे. पाण्याच्या कडेनं बर्फाचे पापुद्रे.

उत्तमला मी बोलू नको म्हटलं होतं, तरी तो वाटेत बोललाच. "मामा, शालनचं काय करायचं? माघ जवळ आला." आणि त्यानं पलूसकरांचं सगळं सांगून टाकलं.

बजरंगनं पुढच्या काचेवरची वाफ बाहीनं पुसली. मग म्हणाला, "शालनसाठी मी जीव देईन, उत्तम. खांद्यावर खेळवलीय तिला. पर आईचं नाव घिऊन पाणी सोडलंय मी. ते मोडून कुठल्या तोंडानं मांडवात उभा ऱ्हाऊ?"

माझ्याकडं त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी मागच्या बाकावर मफलर तोंडावर ओढून घेतला.

पुलावर पाय ठेवला आणि मी थांबलेच.

नदीच्या पलीकडं अख्खा काठ धुमसत होता. खडकांच्या फटीतनं, पायऱ्यांखालनं, देवळाच्या मागनं, जिथं बघावं तिथनं पांढरी वाफ वर येत होती आणि थंड हवेत लोंबत होती. आधी मला वाटलं, गाव जळतंय. पण जळक्या गावाला धूर असतो, आरडाओरडा असतो. इथं माणसं आरामात फिरत होती, घंटा वाजत होती. खडकांना गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस रंग चढलेला. आणि त्या खडकांना खेटून, हातभर अंतरावर, ती बर्फाची नदी धडाधडा वाहत होती. एका बाजूला हात घातला तर गोठेल, दुसऱ्या बाजूला घातला तर सोलून निघेल. मधे फक्त एक दगड.

"ह्यो दगड कुणी घातला?" मी विचारलं.

"कुणी न्हाई, आई. हाय तसाच हाय."

उत्तम गोष्ट सांगायला लागला. पार्वतीमाईच्या कानातला मणी इथं पाण्यात पडला, तो शेषानं खाली नेला, शंकर कोपला, मग शेषानं फुत्कार टाकून मणी वर सोडला, तेव्हापासून पाणी उकळतंय.

"दागिना हरवला म्हणून एवढी आग," बजरंग म्हणाला. "हे मातर मला पटतं. सराफकट्ट्यावर रोज बघतोय."

मी हसले. मग आठवलं आणि हसू आवरलं.

देवळाच्या बाजूला एक कुंड होतं, कठडा बांधलेला. त्यात पाणी असं उसळत होतं की जणू खालून कुणी मुठीनं मारतंय. बुडबुडे नव्हेत, चांगले डोक्याएवढे उमाळे. पलीकडच्या गुरुद्वाऱ्याची भली मोठी पातेली तोंड झाकून पाण्यात उभी होती, डाळ शिजत होती. शेजारी बसल्याशिवाय बोललेलं ऐकू येऊ नये इतका त्या पाण्याचा आवाज. पायाखालची फरशी बुटातनं चटके देत होती. मी आयुष्यभर चुलीपुढं बसले. आधण आलं की किती जाळ ओढायचा, उतू जायला लागलं की कुठलं लाकूड मागं सारायचं, हे मला झोपेतही कळतं. आणि इथं आधण आलेलं, पण सारायला लाकूड नाही, ओढायला जाळ नाही. कोण घालतंय, कधीपासून घालतंय, आणि कुणासाठी? माझे हात आपोआप जोडले गेले. देवळाकडं नाही. पाण्याकडं.

बजरंग मात्र हात जोडून उभा राहिला नाही. तो खाली बसला. कठड्याच्या दगडाला तळवा लावला, काढला. पुढं सरकून दुसऱ्या दगडाला लावला. मग कुंडाला वळसा घालून मागं गेला. उत्तम म्हणाला, "मामा, काय शोधताय?"

"जाळ कुठाय?"

"जाळ न्हाईच, मामा."

"न्हाई कसा? भट्टी म्हटली की तिला तोंड असतंय. हवा कुठनंतरी जाती, राख कुठंतरी पडती. बिनतोंडाची भट्टी असती व्हय?"

पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण खडकांतनं असा वाकून वाकून फिरत होता की पुजारी त्याच्याकडं बघून हसायला लागला. फटीत डोकावला. वास घेतला. देवळामागच्या उतारावर चढला, तिथल्या बर्फावर हात ठेवून बघितला. परत आला तेव्हा चेहरा असा झालेला, जसा आई गेली त्या दिवशी झाला होता.

"आक्का," तो म्हणाला. त्या पंगतीनंतर पहिल्यांदा त्यानं मला आपणहून हाक मारली. "वर बर्फ हाय गं. बर्फाखाली ही आग. आणि जाळणारा कोणच न्हाई."

मी पलीकडं बघत होते. कुंडाच्या कडेला एक पहाडी म्हातारी बसली होती. तिच्या हातात दोरी होती. दोरी पाण्यात गेलेली आणि तिच्या टोकाला फडक्याची पुरचुंडी उसळीबरोबर नाचत होती.

"तिच्यात काय हाय?" मी उत्तमला विचारलं.

"तांदूळ. इथं शिजवून परसाद म्हणून खात्यात. पुण्य लागतंय म्हणं."

"मला पुण्य नको. तांदूळ आण."

"घरनं आणला असता की, आई. सांगायचं..."

"घरचा नकोच. बाजारातला आण. फडकं नवं आण, दोरी नवी आण. आणि तुझ्या मामाला बोलू नकोस."

त्यानं आणलं. मी पुरचुंडी बांधली, चांगली घट्ट, रानात भाकरी बांधून द्यायची तशी. म्हातारीनं ती बघितली आणि बोळकं उघडून हसत सुटली. तिच्या बोलीत काहीतरी बोलली, माझ्या हातातनं पुरचुंडी घेतली, गाठ सोडली, निम्मे तांदूळ काढले आणि ढिली गाठ मारली. मग दोन्ही हात पोटापुढं नेऊन पोट सुटल्यासारखं दाखवलं. मला समजलं. तांदूळ फुगतो, त्याला जागा लागते. आमचा भाग ज्वारी-बाजरीचा, भात सणावाराचा. पण मला स्वयंपाक शिकवणारी बाई मी कधी खपवून घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. तिला नमस्कारसुद्धा केला. पाण्यानं मला तेवढं नरम केलं होतं.

दोरी सोडली आणि कडेला बसले. बजरंग जवळ आला, माझ्यापासून हातभर अंतरावर टेकला. वाफ आमच्या अंगावरून जात होती. कधी तो दिसायचा, कधी नाही.

"पोराचं बरं चाललंय," तो म्हणाला.

"तुझ्या हाताखाली शिकलाय."

त्यानं चमकून बघितलं. माझ्या तोंडून कुणाची स्तुती म्हणजे त्याला दचकायलाच झालं असणार.

"आक्का, एवढी वर्षं भट्टीम्होरं बसलोय," तो पाण्याकडं बघत म्हणाला. "सोनं वितळायची मूस लाल झाली की वाटायचं, मी केली. मी फुंकली, मी पेटवली. आता वाटतंय, मी काय केलं? आग हुतीच. मी निस्ता दार उघडत हुतो."

मी ऐकून घेतलं. त्या वाक्याची गाठ मनात मारून ठेवली.

म्हातारीनं मानेनं खूण केली, झालं. मी दोरी ओढायला गेले तर ओली दोरी निखाऱ्यासारखी. हात झटकला. बजरंग पुढं झाला. त्याच्या बोटांना भट्टीनं कातडं कसलं ठेवलं होतं, सगळे घट्टेच. त्यानं दोरी धरली, शांतपणे हात-हात ओढली आणि पुरचुंडी वर घेतली. फुगून नारळाएवढी झालेली. पाणी निथळू दिलं आणि कठड्यावर ठेवली.

मी गाठ सोडली. भात पांढरा, मोकळा, एकेक शीत वेगळं. वाफेत गंधकाचा हलका वास. उत्तमनं द्रोण आणले होते. मी एक द्रोण भरला आणि बजरंगच्या पुढं धरला.

तो मागं सरकला. "आक्का, हे काय?"

"भात."

"तुला ठाव हाय. मला चालत न्हाई."

"काय चालत न्हाई?"

"तू रांधलेलं."

"तसं तू म्हणला न्हाईस. पंगतीत ओंजळीत पाणी घिऊन काय म्हणलास? म्हण बघू परत."

तो बुटाचा बंद चाचपायला लागला.

"म्हण की. आईचं नाव घेतलंस, मग शब्द तर आठवत असतील."

"तुझ्या चुलीवर शिजलेलं ह्या तोंडात घालणार न्हाई," तो हळू म्हणाला.

"मग? तांदूळ बाजारातला. फडकं बाजारातलं. पाणी ह्या डोंगराचं. वर काढला तो तुझ्या हातानं. आता ऱ्हायली चूल. सकाळधरनं तूच शोधत हुतास न्हवं? दगडाला हात लावून, बर्फात चढून? घावली का तुला माझी चूल?"

बजरंगनं कुंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्याच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. द्रोण त्यानं घेतला. एक घास उचलला, तोंडाशी नेला आणि तिथंच थांबवला. मी मनात म्हटलं, आई, तुझ्या पोटचा हा, आता तूच बघ.

त्यानं खाल्लं.

दुसरा घास घेतला. तिसरा. कोरडा भात, ना मीठ, ना तूप. असं जेवत होता की जणू पाच वर्षांची भूक एका द्रोणात काढायची होती. गालांवरून पाणी ओघळत होतं. वाफ होती म्हणून कुणाला काही विचारायची गरज पडली नाही.

रिकामा द्रोण त्यानं कठड्यावर ठेवला.

"पर मांडवात?" तो म्हणाला. "मांडवात तुझीच चूल असणार, आक्का. हितनं आधण थोडंच नेता येतंय? इथं वाट काढलीस. माघात काय करशील?"

माझ्या चुलीची ख्याती पाच गावांत होती. लग्नात आचारी बोलावला तरी फोडणी मी देत असे. सून घरात आली तरी उलथनं मी तिच्या हातात दिलं नव्हतं. ती चूल माझी होती, हे माझ्या घरातल्या मांजराला पण ठाऊक होतं. मी त्या उसळत्या पाण्याकडं बघितलं. ते आमच्या भांडणाच्या आधीपासून उसळत होतं. आमच्या आईच्या, तिच्या आईच्याही आधीपासून. आणि मागं कुणी हात पुसत उभं नव्हतं, की हे मी केलं.

"बजा," मी म्हटलं, "आत्ता तूच म्हणलास न्हवं, आग हुतीच, आपुन निस्तं दार उघडतो?"

"म्हणलो."

"मग माझ्या घरात तरी काय असंल? तिथं पण तीच हाय. मी दार उघडत हुते आणि माझी चूल, माझी चूल म्हणत हुते." मी मफलर डोक्यावरनं मागं सारला. "ती माझी न्हाई. कधीच नव्हती. आईला काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगीन. तू जेव."

उत्तमनं तोंड फिरवलं. म्हातारीला आमचं एक अक्षर कळलं नसणार, पण तिनं तिच्या पुरचुंडीतला मूठभर भात काढून माझ्या हातावर ठेवला.

बजरंग उठला. पाया पडायला वाकला. मोठी बहीण म्हणून तो दर भाऊबीजेला वाकायचाच, पण त्या दिवशी डोकं पायावर ठेवून उठायलाच तयार होईना.

"जेवीन, आक्का," तो पायाशीच बोलला. "मांडवात पहिल्या पंगतीला बसीन. पलूसकरांच्या शेजारी बसीन. शालनला हात धरून मीच नेणार."

मी त्याला दंडाला धरून उठवला. बुटातनं फरशी भाजत होती, पाठीवर थंडी सुई टोचत होती, आणि मला रडायचं नव्हतं. म्हणून जे तोंडात आलं ते त्याच्या तोंडावर बोलले.

"ऊठ. रडायची ही जागा न्हवं. सरळ उभा ऱ्हा आणि ऐक. तुझ्यासारखा हेकट माणूस मी दुसरा बघितला न्हाई. तुला दोन घास खायला घालायचे म्हणून देवाला डोंगराच्या पोटात जाळ घालावा लागला. एवढा मोठा मानकरी तू न्हाईस, बजा. पर त्यानं घातला."